मरीआईचा गाडा आणि तुझे शेवटचे रीळ

दौलत, तू गेलास आणि सिनेमाचा शेवट माझ्या गळ्यात टाकून गेलास, याचा मला राग आहे. स्मृतिलेखाची सुरुवात रागाने करू नये, एवढे मला कळते. सारी नोकरी मी शाळेत मुलांना मराठी आणि इतिहास शिकवण्यात घालवली. पण तुझ्याविषयी लिहायला बसलो की आधी राग येतो, आणि तो ओलांडल्याशिवाय दुसरे काही हाती लागत नाही.

तुझ्या भूतपटाची सगळी रिळे तयार होती, फक्त शेवटचे नव्हते. ते का नव्हते, तर आपण दोघे भांडत होतो म्हणून. तुझे तेरावे झाले आणि तुझ्या सिनेमात पैसा घातलेल्या हळदीचे व्यापारी असलेल्या शेठजींनी मला सांगलीला पेढीवर बोलावून घेतले. चहा येण्याआधीच ते म्हणाले, "मास्तर, शेवट लिहून द्या. मांत्रिक आणा, गाडा जाळा, आरती घ्या. लोक हात जोडून उठले पाहिजेत."

"बघतो," मी म्हणालो.

माझे हे 'बघतो' तुला चांगले ठाऊक आहे. त्याच्यावरून तू मला भर जत्रेत शिव्या दिल्या होत्यास.

भांडणाचे मूळ तुझ्या तंबूत होते. उसाची जमीन भावांवर सोपवून तू फिरता सिनेमा काढलास तेव्हा गावाने तुला खुळा ठरवले. एक भाऊ पलटणीत, एक शेतात, आणि तू उंब्रजपासून म्हसवडपर्यंत तंबू ठोकत हिंडणारा. सुट्टीत मी यायचो आणि यंत्राशेजारी खोक्यावर बसून पडदा बघायचो. तू पडदा कधी बघत नसायचास. पडद्याकडे पाठ करून तू माणसे बघायचास. सिद्धनाथाच्या जत्रेत एकदा तू माझी हनुवटी धरून मला मागे वळवलेस आणि म्हणालास, "तकडं काय बघतोस? हिकडं बघ की."

पडद्यावर विहिरीतून बाई वर येत होती. माझ्यासमोर बायकांची एक आख्खी रांग पदर तोंडात कोंबून बसली होती. किंकाळी नाही, हसू नाही.

"मागल्या मुक्कामी ह्याच जागी बाया खिदळल्या," तू कानाशी म्हणालास. "हितं गप. म्हंजी ह्यांच्यातली कुणीतरी हिरीत गेलेली हाय, आन् कुणी इचारलेलं न्हाई. तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात ह्या गावाचं काय हाय, मास्तर? एक वळ तरी हाय का? आन् माझ्या तंबूत बघ, समदं गाव जबानी देतंय."

त्यावर मी माझे नेहमीचे उत्तर दिले. भीती म्हणजे आठवण नव्हे. भीतीत सगळेच बिचारे होतात. ज्याने ढकलले तोही घाबरतो आणि जिला ढकलले तीही. भूत आले की कुणी कुणाचे काय केले हा प्रश्नच उरत नाही. जे घडले ते सरळ सांगावे.

"सरळ सांगितलं तर उठून जात्यात, गड्या," तू म्हणालास. "चावडीवर सरळ इचारून बघ एकदा."

वीस-बावीस वर्षे आपण हेच बोलत आलो. शब्द बदलले, जत्रा बदलल्या, वाद तोच राहिला. आता तो संपला असे लोकांना वाटते. संपलेला नाही. माझ्या बाजूचे सगळे मुद्दे तसेच पडून आहेत आणि समोर कुणी नाही, याहून चीड आणणारी गोष्ट मला अजून भेटलेली नाही.

मरीआईच्या गाड्यावर सिनेमा काढायचे तू ठरवलेस, तेव्हा मी चकित झालो नाही. तुझे गाव आणि माझे गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे, आणि त्या ओढ्याच्या दोन काठांवर एकाच गोष्टीच्या दोन गोष्टी सांगतात. पटकीच्या साथीत, आपल्या आज्यांच्या काळी, गावाने लाकडी गाडा केला, त्यावर मरीआई बसवली, हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, नारळ ठेवला आणि रोगराईसकट तिला शिवेपलीकडे पोचवले. आमच्या काठावर ही भक्तीची गोष्ट आहे. आईने आमचे ऐकले आणि गाव वाचले. तुमच्या काठावर ती खुनाची गोष्ट आहे. तुमच्याकडून गाडा आला आणि आमच्याकडे घरटी मढे निघाले. शाळेत असल्यापासून तू मला चिडवायचास, "तुझ्या आज्यानं माझी आजी मारली, मास्तर. आण ती गुळाची भेली हिकडं."

मी भेली द्यायचो. हसत द्यायचो, पण द्यायचो.

तुझ्या सिनेमात ढकललेला गाडा आपणहून परत येतो. ज्या गावाने ढकलला त्याच गावात, एकेका दारापुढे थांबतो. कल्पना उत्तम होती. संवाद मी लिहिले आणि मनापासून लिहिले. फक्त एक गोष्ट मला खुपत होती. गाडा तुमच्या शिवेवर आला, मग पुढे कुठे गेला? तुमच्या गावाने तो ठेवून तर घेतला नसणार. हे मी तुला दोनदा विचारले. दोन्ही वेळा तू कॅमेरामनला हाक मारलीस.

आणि मग तू ती चूक केलीस. ती आठवली की आजही आधी हसू येते.

खरा गाडा हातभर उंचीचा असायचा. तू सुताराकडून तो छकड्याएवढा करून घेतलास, कारण पडद्यावर दिसला पाहिजे. ओढ्याकाठी चित्रीकरण झाले, सामान न्यायचा ट्रक उंब्रजला बंद पडला, आणि तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे गाडा हितंच. मरीआईला कोण हात लावतंय?"

ती माणसे आपलीच, ती शीव आपलीच. तरी तुला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गावाच्या लोकांना आपल्या शिवेवर कुंकवाने माखलेला, खण-नारळासकट भरलेला गाडा दिसला. गावात लस टोचायला जीप येत होती, पोरे कॉलेजात जात होती, पाटाला मोटारी बसल्या होत्या. तरी जेवणवेळेच्या आत गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत होता.

तुला मात्र तो हवाच होता, कारण शेवटचे रीळ त्याच्यावर होते. आपण तुझ्या फटफटीवर निघालो. पहिला मुक्काम माझा चुलतभाऊ महादूदादा. तो तेव्हा सरपंच होता आणि ओसरीवर अगदी निवांत बसला होता.

"गाडा? कसला गाडा?"

"आवं दादा, सिनेमाचा. लाकडाचा. सुतार लावून केलाय."

"आमच्या शिवंत काय बी नव्हतं. तुमच्याच तकडं बघा जावा."

तू त्याच्या पायांकडे बघितलेस. "दादा, पायताण कशानं लाल झालंय?"

"मिरच्या वाळत घातल्यात."

आतून वहिनीचा आवाज आला, "मिरच्या कवाच भरून झाल्या की आवं!"

दादाने आमच्याकडे बघितले नाही. गाड्याच्या चाकांची चाकोरी त्याच्या अंगणासमोरून सरळ पुढच्या गावाकडे गेलेली होती. तिथल्या हॉटेलात पंचायतीची मंडळी भजी खात बसली होती. त्यांच्यातला एक तुला म्हणाला, "आला असंल तर आमी बघितला न्हाई. आन् बघितला असंल तर आमी ढकलला न्हाई." सगळे हसले, तूही हसलास. पण भजी घेऊन तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा मी कधी न बघितलेला होता, लहान मुलासारखा उजळलेला. "मास्तर, आपला सिनेमा आपल्याबिगर सुरू झाला रं! ना पडदा, ना मशीन."

मला हसू येत नव्हते. आमच्या दादाने आपल्या ओसरीवर बसून जे केले, ते माझ्या आज्याने कसे केले असेल हे मला पहिल्यांदा दिसले होते. इतका शांत, इतका घरगुती चेहरा करून.

चाकोरी संपली ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, गायरानालगतच्या बौद्ध वस्तीत. तिथे पलटणीतून पेन्शनीत आलेले सखाराम हवालदार अंगणात खुर्ची टाकून दाढी करत होते. त्यांच्या बायकोला तू गाड्याचे विचारलेस.

"गाडा व्हय? न्हाणीच्या चुलीत गेला की. लाकूड बरं व्हतं, पर रंगाचा लय धूर. चाकं तेवढी ठिवल्यात, खुराड्याला व्हतील."

तू मटकन खाली बसलास. "वैनी, त्यो सिनेमातला गाडा व्हता!"

"मग पाटी तरी लावायची तशी."

हवालदारांनी तोंड पुसले. "पाटी लावली असती तरी फोडलाच असता, दौलतराव. बसा. चा घ्या." चहा होईपर्यंत त्यांनी दाढीचे सामान आवरले. मग कप हातात घेऊन म्हणाले, "गाडा कुठनं बी निघू द्या, शेवटाला हितंच येतो. कारण हितनं पुढं ढकलायला आमाला शीवच न्हाई. माझ्या आज्यानं सांगून ठिवलं व्हतं, पुन्यांदा आला तर फोडायचा."

"तुमच्या आज्याचा काय संबंध?" तू विचारलेस. मी नाही विचारले. मला कसे कोण जाणे, पण ते कळत चालले होते.

"गाडा वडला कुणी मग? पटकीच्या सालात मास्तरांच्या गावानं माझ्या आज्याच्या कंबरंला दोरी बांधली आन् सांगितलं, चल. वड्याच्या पल्याड पाय ठिवला तर तुमच्या गावचं लोक दगूड घिऊन हुबं. हिकडं येऊ नगं. माघारी वळला तर ह्यांचं लोक हुबं. त्येंच्या बी हातात दगूड. तकडंच जा. मधी वडा, आन् वड्यात एक माणूस. दोन गावांची एकच ऑर्डर."

"मग?"

"मग काय? त्यानं दोरी सोडली. वड्यानं खाली चालत आला, हितं थांबला. मागनं गाडा बी पाण्यासंगं हितंच लागला."

तुझा चहा गार होत होता, दौलत. जन्मभर तू मला ज्या गोष्टीवरून चिडवलेस, तिच्यातून तुझ्या गावाच्या हातातले दगड कुणीतरी काढून टाकले होते. आणि माझ्या गोष्टीतून माणूसच काढून टाकला होता. आमचा गाडा जणू भक्तीनेच चालला होता. मी तुझ्याकडे बघत राहिलो. तू ओढ्याकडे बघत होतास. आणि मग तू, तूच असल्यामुळे, एकदम उठून उभा राहिलास.

"हवालदार, ह्योच माझा शेवट! वड्यात हुबं असलेलं भूत. कंबरंला दोरी. दोन्ही गावांकडं बघतंय."

"कुणाचं भूत?"

"तुमच्या आज्याचं."

हवालदारांनी कप खाली ठेवला. "माझा आजा वड्यात मेला न्हाई. धम्म घेतला तवा काठी टेकत सभेला आला व्हता म्हातारा. नातवंडं मांडीवर घिऊन ह्या अंगणात मेला. आन् तुमी त्येला मारून भूत करणार?"

"सिनेमा हाय वं."

"सिनेमात बी त्यो जित्ताच ऱ्हाईल."

तू हात जोडलेस, समजावलेस, चेष्टा केलीस. ते हसले, वहिनींनी आणखी चहा दिला, पण त्यांनी ते एक वाक्य बदलले नाही.

परत येताना बांधावर तू फटफटी थांबवलीस. आपले खरे भांडण तिथे झाले. मी म्हणालो, हवालदारांच्या बायकोने गाडा चुलीत घातला, तोच शेवट घे. तू म्हणालास, "चुलीवर सिनेमा संपत न्हाई गड्या. गाडा जळाला की भ्या गेलं, भ्या गेलं की समदं माफ. मला दोन्ही गावांस्नी भ्या घालायचंय. झोप नको यायला." मी म्हणालो, तुझे भ्या ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच राक्षस करते, ज्याच्या कमरेला दोरी बांधली त्यालाच आपण घाबरायचे? त्यावर तू माझ्यावर ओरडलास, "मग इतिहास लिही! लिही की! इतकी वर्सं शिकवलास, एका पोराला तरी सांगितलास का वड्यात कोण हुबं व्हतं?"

सांगितले नव्हते. मला माहीत नव्हते, आणि मी कधी विचारले नव्हते.

मग तू फटफटीवरून उतरून बांधावर बसलास. तू तंबाखू मळलीस, तोंडात टाकली नाहीस, तशीच हातात धरून म्हणालास, "आमच्या आज्यानं दगूड धरला असंल का रं?"

दौलत, त्या क्षणी माझ्याजवळ एकच बोलण्यासारखी गोष्ट होती. माझ्याही आज्याने धरला असेल, चल, आपण दोघे एका काठावर आलो. एवढे म्हटले असते तरी तुला पुरले असते. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बघू." मला आवाज चढवता येत नाही याचे लोक कौतुक करतात. मला नेमक्या वेळी आवाजच काढता येत नाही, हे त्यांना माहीत नाही.

पुढे आजारपणात, सांगलीच्या दवाखान्यात, तू मला विचारलेस, "शेवट लिहिलास का?" मी म्हणालो, "तू बरा हो, मग बोलू." तू भिंतीकडे तोंड केलेस. "मी काय इचारतोय आन् ह्यो काय सांगतोय," असे तू भिंतीला म्हणालास. माझ्याशी तू त्यानंतर बोलला नाहीस, कारण त्यानंतर तुझ्याकडे वेळ नव्हता.

पेढीवरून मी 'बघतो' म्हणून उठलो त्याला काही दिवस झाल्यावर शेठजींचे पुन्हा बोलावणे आले. त्यांना खलनायक करणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ते म्हणाले, "माझी आई तुमच्याच भागातली. गाड्याची गोष्ट मी तिच्याकडून ऐकली, म्हणून तर पैसा घातला. पण मास्तर, माणसाला घाबरवलं की त्याला घरी पोचवायची जबाबदारी आपली असते. मांत्रिक त्यासाठी लागतो." हे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. तरी मी म्हणालो, "मांत्रिक मी लिहिणार नाही." माझेच शब्द मला परके वाटले. शेठजींनाही वाटले असावेत. त्यांनी जरा विचार केला. "कोऱ्या, कच्च्या फिल्मचा एकच डबा शिल्लक आहे. आणखी मिळायची नाही. एकदा तुमच्या मनासारखं घ्या. जमलं तर ठेवू, नाही तर मी कोल्हापूरहून दुसरा लेखक आणतो, आधीच्या फिल्मचे तुकडे जोडून मांत्रिक करतो."

एक डबा. तुझा सिनेमा त्या एका डब्यावर येऊन थांबला होता आणि माझ्याकडे शेवट नव्हता. तुझे भूत हवालदारांना मान्य नव्हते, माझी चूल तुला मान्य नव्हती, आणि तुझ्या मागे तुला नको असलेला शेवट घेणे मला चोरीसारखे वाटत होते. मी ओढ्यावर जाऊन बसलो. तू शिकवल्याप्रमाणे पडद्याकडे पाठ करून मागे बघायचा प्रयत्न केला. ज्याने दोरी सोडली तो तर चालत गेला. त्याने घर केले, चार मुले वाढवली, धम्म घेतला. मग त्या ओढ्यावर अजून कोण उभे आहे? कुणाला तिथून हलता आलेले नाही?

हवालदारांकडे गेलो. सगळे सांगितले.

"आन् माझा आजा?" त्यांनी विचारले.

"दोरी सोडतो आणि चालत जातो."

"भूत?"

"नाही. भुते आम्ही. दोन्ही काठांवर, हातात दगड घेऊन उभे. तो गेला तरी आम्ही उभेच."

हवालदार मोठ्याने हसले आणि आत बघून बायकोला म्हणाले, "ऐकलं का, मास्तरानं आपल्या गावाचीच भुतं केली!" मग माझ्याकडे वळले. "मंजूर. पर चालणार मी. नट आणू नगा. नट वाकून चालतो."

दोन्ही गावांना मी खरे काय ते सांगून मगच बोलावले. हे मला फार जड गेले. महादूदादा आधी कपड्यांचे विचारत होता, धोतर की विजार, गोष्ट ऐकल्यावर म्हणाला, "ह्ये पडद्यावर कशाला पायजे?" तुझ्या गावात तुझा पलटणीतला भाऊ रजेवर होता. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"दौलतला ठावं व्हतं ह्ये?"

"होते."

"आन् तरी घेणार व्हता?"

"घेणार होता. कसे, यावर आम्ही भांडत होतो."

"मग घ्या," तो म्हणाला आणि स्वतः काठावर येऊन उभा राहिला. त्याच्यामागे इतर आले. शेवटी महादूदादाही आला, सगळ्यांत मागे, पायांत पायताण न घालता.

तो शेवट सिनेमात राहिला, दौलत. शेठजींनी कोल्हापूरला तो बघितला, पुन्हा लावायला सांगितला, आणि मग मला म्हणाले, "राहू द्या. पण मास्तर, हा संपतो कुठं? लोकांनी उठायचं कधी?" मी विषय बदलला, कारण तो कसा घेतला गेला हे मला त्यांना सांगायचे नव्हते. ते फक्त तुला सांगण्यासारखे आहे.

चित्रीकरणाच्या दिवशी दुपार कलली होती. ओढ्याला घोट्याएवढे पाणी. दुष्काळी कामावरची उरलेली खडी आणि गोटे तिथेच रस्त्याकडेला पडून होते, त्यांतले दगड सगळ्यांनी उचलले. बाजारात चाललेल्या माणसांसारखी चेष्टा चालली होती. पलीकडून कुणी ओरडले, "दादा, तुमचा दगूड लय बारीक हाय, देवाला घिऊन चाललाय व्हय?" इकडून उत्तर गेले, "तुझ्या कपाळापुरता हाय!" सुताराने या वेळी गाडा खऱ्या मापाचा केला होता, हातभर. पाण्यात तो खेळण्यासारखा दिसत होता, आणि हवालदार त्याला जोडलेली दोरी कमरेला बांधून मध्ये उभे होते. मी कॅमेऱ्याशेजारी होतो. मग तिथे मला उभे राहवेना. मी एक दगड उचलला आणि आमच्या काठावरच्या रांगेत, महादूदादाच्या बाजूला जाऊन थांबलो.

कॅमेरा सुरू झाला तसे बोलणे थांबले. हवालदारांनी आधी तुमच्या काठाकडे बघितले. मग आमच्याकडे. तसे बघायचे मी लिहिले नव्हते. मग त्यांनी गाठ सोडली, दोरी पाण्यात टाकली आणि ओढ्याने खाली चालू लागले, ताठ, पलटणीतल्या चालीने, न थांबता. वळणावर दिसेनासे झाले.

'कट' कुणी म्हणायचे, हे ठरवायला आम्ही सगळेच विसरलो होतो. ते तुझे काम होते. कॅमेरामनने माझ्याकडे बघितले असावे, पण मी रांगेत होतो आणि समोर बघत होतो. यंत्र चालत राहिले. पलीकडे तुझा भाऊ, त्याच्या शेजारी तुझे चुलते, सगळ्यांचे हात अर्धे वर, सगळे एकमेकांकडे बघत. कुणी हसले नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. डब्यातली फिल्म संपली आणि यंत्र नुसते खडखडू लागले, तेव्हा कळले.

"संपली," कॅमेरामन म्हणाला.

तरी कुणी हलले नाही. हवालदार परत आले नाहीत. त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि ते तसेच ओढ्याने आपल्या घरी गेले होते.

"मास्तर," महादूदादा हळूच म्हणाला, तोंड न वळवता, "आता टाकायचा का खाली?"

मी दगड तसाच धरून ठेवला. माझा हात अवघडला होता आणि पलीकडचा तुझा भाऊ माझ्याकडे बघत होता.